बोस्नियन सिनेमा पाहायचा तर: कुठल्या क्रमानं आणि कुणाच्या मागं

मार्च २००२ मध्ये आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' ऑस्करला गेला आणि हात हलवत परत आला, हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. ज्या सिनेमानं तो पुरस्कार नेला त्याचं नाव 'नो मॅन्स लँड', दिग्दर्शक डानिस तानोविच, देश बोस्निया. त्या सिनेमावर आपण राग भरपूर काढला, पण तो पाहिला फार थोड्यांनी. हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी बोस्नियाचा एकही सिनेमा पाहिलेला नाही आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या शनिवार-रविवारी नीट पाहायची तयारी आहे.

माझा आग्रह क्रमाचा आहे. आंतरजालावरच्या बहुतेक याद्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडावरच्या सिनेमापासून सुरू होतात, कारण अलीकडे गाजलेला तोच. तो पाहून माणूस सुन्न होतो आणि पुढचं काही लावतच नाही. 'सगळं असंच असणार' अशी समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात या सिनेमांपैकी निम्म्याहून अधिक युद्ध संपल्यानंतरच्या काळात घडतात. स्वयंपाकघरात, शाळेत, दवाखान्याच्या खिडकीपाशी, हॉटेलच्या मुदपाकखान्यात. त्यांतली भांडणं सहलीच्या पैशांवरून, थकलेल्या पगारावरून, विजेच्या बिलावरून होतात. युद्ध त्या भांडणाच्या तळाशी असतं. ते तिथं ओळखायला शिकलात की बाकीचं आपोआप उलगडतं.

पायरी १: अर्धा तास नकाशासमोर

इतिहासाचा ग्रंथ वाचायची गरज नाही, पण एवढं माहीत हवं. युगोस्लाव्हिया सहा प्रजासत्ताकांचा देश होता आणि बोस्निया-हर्जेगोविना त्याच्या मधोमध. तिथं प्रामुख्यानं तीन समाज राहतात: बोस्नियाक म्हणजे मुस्लिम, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्ब आणि कॅथलिक क्रोट. तिघांची बोली एकमेकांना सहज कळते. दिसण्यातही फरक नाही. त्यामुळे पडद्यावर कोण कुठला हे नावावरूनच कळतं आणि एस्मा, फारुक, अद्नान अशी नावं आपल्या कानाला लगेच ओळखू येतात. हा फायदा युरोपातल्या बऱ्याच प्रेक्षकांना नसतो.

१९९२ मध्ये बोस्निया स्वतंत्र झाला आणि युद्ध पेटलं. सर्ब फौजांनी भोवतालच्या डोंगरांवरून सारायेव्हो शहराला वेढा घातला. तो एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस चालला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तिथं हजर होतं. त्याच वर्षअखेरीस डेटन करार झाला. देश एक राहिला, पण त्याचे दोन भाग पडले: एक फेडरेशन, दुसरा रेपुब्लिका स्र्प्स्का. स्रेब्रेनित्सा आज या दुसऱ्या भागात येतं. हे एक वाक्य लक्षात ठेवा, शेवटच्या पायऱ्यांवर लागेल.

पायरी २: 'नो मॅन्स लँड' (२००१)

दोन फौजांच्या मधला एक खंदक. त्यात एक बोस्नियाक सैनिक, एक सर्ब सैनिक आणि तिसरा असा जखमी, ज्याच्या पाठीखाली सुरुंग पुरलेला आहे. तो हलला की सगळे संपले. बस, एवढाच सिनेमा. मग संयुक्त राष्ट्रांची माणसं येतात आणि त्यांच्या पाठोपाठ टीव्हीवाले.

पाहताना एका प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. 'युद्ध कुणी सुरू केलं?' यावर चिकी आणि निनो हमरीतुमरीवर येतात. बंदूक चिकीच्या हातात असते तेव्हा निनोला 'आम्ही सुरू केलं' असं कबूल करावं लागतं. थोड्या वेळानं बंदूक निनोकडे जाते, तोच प्रश्न पुन्हा येतो आणि आता चिकी कबूल करतो. शाळकरी पोरांच्या भांडणासारखा हा प्रसंग आहे, हसू येतंच, आणि हसता हसता बंदुकीच्या नळीवर नजर जाते. दुसरा एक क्षण तर निव्वळ सेकंदांचा. खंदकात बसलेला सैनिक वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणतो, रवांडात काय गोंधळ माजलाय! स्वतः गळ्यापर्यंत चिखलात, आणि हळहळ दुसऱ्याची. बोस्नियन विनोदाची जात ही अशी आहे आणि तिची सवय आधी व्हायला हवी, म्हणूनच हा सिनेमा पहिला.

तानोविच युद्धात कॅमेरा घेऊन बोस्नियाच्या सैन्यासोबत चित्रीकरण करत होते. नंतर ब्रसेल्समध्ये शिकले. टीव्हीच्या बातमीदारांवरचा त्यांचा राग ऐकीव नाही. या सिनेमाच्या पटकथेला कान चित्रपट महोत्सवातही पुरस्कार मिळाला होता. चिकी झालेला ब्रान्को जुरिच मूळचा सारायेव्होच्या विनोदी टीव्ही मालिकांतला नट. नाव टिपून ठेवा.

पायरी ३: 'ग्र्बावित्सा' (२००६)

इथं थोडं जास्त थांबायचं. माझ्या मते सगळ्या बोस्नियन सिनेमाची किल्ली इथं आहे.

यास्मिला झ्बानिचचा हा पहिला कथापट. याला बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं. ग्र्बावित्सा हा सारायेव्होचा एक भाग, जो वेढ्याच्या काळात सर्ब फौजांच्या ताब्यात होता. एस्मा तिथं बारा वर्षांच्या सारासोबत राहते आणि रात्री एका क्लबमध्ये वेट्रेसचं काम करते. शाळेची सहल निघते. दोनशे युरो भरायचे आहेत. ज्यांचे वडील युद्धात शहीद झाले त्यांना माफी, फक्त तसा दाखला आणायचा. सारा म्हणते, बाबा शहीदच होते ना, मग आण की दाखला. आणि एस्मा दाखला आणायच्याऐवजी पैसे जमवायला धावत सुटते.

एवढ्यावर आपल्याला काय ते कळतं. सिनेमा ते बराच वेळ उच्चारत नाही. त्याऐवजी तो दोन छोट्या गोष्टी दाखवतो. मायलेकी घरात मस्ती करतायत, लोळतायत, सारा आईच्या अंगावर चढून तिचे दोन्ही हात दाबून धरते आणि एस्माचा चेहरा क्षणात बदलतो. दुसरी बसमधली. गर्दीत एका पुरुषाची उघडी छाती आणि गळ्यातली साखळी तिच्या डोळ्यांसमोर येते आणि ती पुढच्याच थांब्यावर उतरून जाते. फ्लॅशबॅक नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. हिंदी-मराठी सिनेमात अशा ठिकाणी आपल्याला सगळं दाखवून, वर समजावून सांगायची सवय आहे. इथं ते नाही म्हणून काहींना सिनेमा 'थंड' वाटतो. दुसऱ्यांदा पाहा, नाही वाटणार.

क्लबमधला पेल्दा आणि एस्मा यांची ओळख कशी निघते तेही पाहा. 'तुला कुठं तरी पाहिलंय' म्हणताना दोघांना आठवतं की सामूहिक कबरींतून काढलेल्या मृतदेहांची ओळख पटवायला दोघं जात होती. प्रेमकथेची सुरुवात अशी.

हा सिनेमा थिएटरपुरता राहिला नाही. त्याच्या निमित्तानं सह्यांची मोहीम झाली आणि २००६ मध्येच फेडरेशनमध्ये युद्धकाळातल्या बलात्कारपीडित स्त्रियांना नागरी युद्धपीडित म्हणून कायद्यानं मान्यता मिळाली.

एस्मा झालेली मिर्याना कारानोविच स्वतः सर्बियाची आहे. पुढची पायरी तिच्यामुळेच.

पायरी ४: एकवीस वर्षं मागं

आता 'व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस' (१९८५) लावा. दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा, पुरस्कार कानचा सर्वोच्च, पाम दोर. काळ १९५० च्या आसपासचा, युगोस्लाव्हियाचे नेते टिटो आणि रशियाचे स्टॅलिन यांचं बिनसल्यानंतरचा. वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रावर बाप सहज काहीतरी बोलून जातो आणि श्रमछावणीत रवाना होतो. पोराला सांगितलं जातं, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. त्या पोराची आई म्हणजे तरुण मिर्याना कारानोविच. मुलाला बापाविषयी खोटं सांगणाऱ्या दोन आया, दोन काळ, चेहरा एकच. दोन्ही सिनेमे एका आठवड्यात पाहिले तर हे जाणवतं, सुटे पाहिले तर निसटतं.

याची पटकथा अब्दुल्ला सिद्रानची. हा सारायेव्होचा कवी, २०२४ मध्ये वारला. कुस्तुरित्साचा पहिला गाजलेला सिनेमा 'डू यू रिमेम्बर डॉली बेल?' (१९८१) त्यानंच लिहिला होता. तोही मिळाला तर सोडू नका, त्यात वेढ्याआधीचं सारायेव्हो भेटतं. सूचना एवढीच की कुस्तुरित्सा युद्धकाळात आणि नंतर सर्बियाच्या बाजूला गेले. त्यांच्या जन्मगावी त्यांच्याबद्दल आजही कडवटपणे बोललं जातं. सिनेमे मात्र त्या गावाचेच राहिले.

पायरी ५: वेढ्याच्या आतून

'द परफेक्ट सर्कल' (१९९७) मिळवायला खटपट करावी लागते. करा. आदेमिर केनोविच दिग्दर्शक, सोबत पुन्हा सिद्रान. बायको-मुलीला शहराबाहेर पाठवून मागं राहिलेला कवी हामझा आणि त्याच्या घरात येऊन लपलेले दोन अनाथ भाऊ, त्यातला एक मूकबधिर. युद्धानंतर लगेच, खऱ्याखुऱ्या पडझडीत चित्रीकरण झालं, त्यामुळे भिंतींवरची भोकं सेट लावणाऱ्यानं पाडलेली नाहीत. केनोविच आणि त्यांच्यासोबतची मंडळी वेढ्यातही माहितीपट करत होती. हामझा झालेला मुस्ताफा नादारेविच हा त्या अख्ख्या प्रदेशाचा लाडका नट होता.

याच वेढ्यात, १९९५ च्या शरद ऋतूत, सारायेव्हो चित्रपट महोत्सव सुरू झाला. आज तो आग्नेय युरोपातला सगळ्यात मोठा महोत्सव मानला जातो, दर ऑगस्टमध्ये भरतो.

पायरी ६: आता हसायचं

प्येर झालित्साचा 'फ्यूज' (२००३), मूळ नाव 'गोरी वात्रा'. तेशान्य नावाच्या छोट्या गावाला कळतं की अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन भेटीला येणार. मग काय, आठवड्याभरात गावातली गुन्हेगारी संपवायची, तस्करी झाकायची आणि कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांनी बंधुभाव दाखवायचा. दोन्ही बाजूंचे अग्निशमन दलाचे जवान एकत्र कवायत करतात. मंत्र्याचा दौरा ठरला की एका रात्रीत डांबर पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही धावपळ समजावून सांगावी लागणार नाही. पण या सगळ्या गडबडीत एक निवृत्त पोलीस अधिकारी आपल्या मेलेल्या मुलाशी रोज गप्पा मारत बसलेला असतो. तिथं हसू आवरतं.

पायरी ७: पैशांचा सिनेमा

बोस्नियात सिनेमा करणं म्हणजे मुळात पैसे गोळा करणं. २०१३ च्या जनगणनेनुसार देश जेमतेम पस्तीस लाखांचा. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त माणसं आहेत. तिकिटांच्या जोरावर सिनेमा उभा राहत नाही. सारायेव्होचा चित्रपट निधी थोडं देतो, युरोपीय निधी थोडं, आणि बाकीचं शेजारी देशांच्या निर्मात्यांकडून येतं. श्रेयनामावलीत सुरुवातीलाच आठ-दहा बोधचिन्हं येतात ती यामुळे. अनेक देशांच्या भागीदारीमुळेच क्रोएशियाचा नट, सर्बियाची नटी आणि ऑस्ट्रियाची छायालेखक एकाच चौकटीत दिसतात. राजकारणात जे तुटलं ते सिनेमाच्या हिशेबवहीत पुन्हा जोडलं गेलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा सिनेमा म्हणजे तानोविचचा 'अॅन एपिसोड इन द लाइफ ऑफ अॅन आयर्न पिकर' (२०१३). खर्च सुमारे १७ हजार युरो, लांबी ७५ मिनिटं. भंगार वेचून जगणाऱ्या एका रोमा कुटुंबातल्या बाईचा गर्भ पोटातच दगावतो. आरोग्यविमा नाही म्हणून दवाखाना शस्त्रक्रिया नाकारतो. ही घटना तानोविचनं वर्तमानपत्रात वाचली आणि ज्यांच्यावर ती ओढवली त्यांनाच, नझिफ मुयिच आणि सेनादा अलिमानोविच यांना, स्वतःच्या भूमिकेत घेतलं. शेवटाकडे वीज तोडली जाते आणि बिल भरायला नझिफ स्वतःची मोटार कुऱ्हाडीनं फोडून भंगारात घालतो. तो प्रसंग कापाकापी न करता, निवांत दाखवलाय. पत्रा वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

बर्लिनला याला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि नझिफला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल. पुढचं वाचून वाईट वाटतं. त्यानं जर्मनीत आश्रय मागितला, तो नाकारला गेला, अखेर पुरस्कार विकावा लागला आणि २०१८ मध्ये तो वारला. सिनेमानं माणसाचं भलं होतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. 'ग्र्बावित्सा'चं उदाहरण उलट बाजूनं दिलं जातं, तेही खरं.

तानोविचचा आपल्याशी एक धागा 'लगान'नंतरही आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये चालवलेली एएसएपी फिल्म्स ही संस्था मुंबईच्या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरच्या 'द लंचबॉक्स'ची सहनिर्माती होती. २०१४ मध्ये त्यांनी इम्रान हाश्मीला घेऊन 'टायगर्स' केला, बाळांच्या दुधाच्या भुकटीच्या विक्रीतली लबाडी उघड करणाऱ्या एका पाकिस्तानी विक्रेत्यावर. बोस्नियाशी त्याचा संबंध नाही, पण सामान्य माणूस आणि त्याला न जुमानणारी यंत्रणा हा तानोविचचा जुना विषय तिथंही आहे.

पायरी ८: 'क्वो वाडिस, आइडा?' (२०२०)

आता तयारी झाली. आइडा स्रेब्रेनित्साची शिक्षिका, आता संयुक्त राष्ट्रांच्या डच तळावर दुभाषी. हजारो माणसं कुंपणाशी येऊन थांबली आहेत. तिचा नवरा आणि दोन मुलगे त्यांच्यातच. 'घाबरू नका' हे अधिकाऱ्याचं वाक्य तिला आपल्याच गावकऱ्यांना भाषांतर करून सांगायचंय, आणि त्याच्यावर तिचाच विश्वास नाही. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर ती चालते, पळते, दारं ठोठावते.

रक्तपात पाहवत नाही म्हणून हा सिनेमा टाळू नका. झ्बानिच हत्या दाखवत नाही, ऐकवते. आणि शेवटी जी शाळा येते तिथं पालकांच्या रांगेतले चेहरे एकेक करून पाहा. पहिल्या पायरीवर लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य इथं लागतं.

आइडा झालेली यास्ना जुरिचिच आणि बोस्नियातल्या सर्ब फौजांचा सेनापती जनरल म्लादिच झालेला बोरिस इसाकोविच दोघंही सर्बियाचे, प्रत्यक्षात नवरा-बायको. या भूमिका स्वीकारणं ही त्यांच्यासाठी केवळ कलेची बाब नव्हती. त्यांच्या देशात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. नऊ देशांच्या भागीदारीतून हा सिनेमा उभा राहिला, ऑस्करच्या अंतिम नामांकनात पोचला आणि २०२१ मध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री हे तिन्ही पुरस्कार घेऊन आला.

पायरी ९: इथून पुढं माणसं धरा

यादी इथं संपवतो. पुढचा रस्ता चेहऱ्यांवरून काढायचा.

बोरिस इसाकोविच आवडला? आलेन द्रल्येविचचा 'मेन डोन्ट क्राय' (२०१७) पाहा. एका ओसाड डोंगरी हॉटेलात तिन्ही बाजूंचे माजी सैनिक समूहोपचारासाठी जमतात. आपापला सगळ्यात वाईट दिवस त्यांना एकमेकांच्या मदतीनं नाटकासारखा करून दाखवायचा असतो. आइडाचा नवरा झालेला इझुदिन बायरोविच लक्षात राहिला असेल तर तो 'फ्यूज'मध्ये आहे आणि तानोविचच्या 'डेथ इन सारायेव्हो'मध्ये हॉटेलचा व्यवस्थापक आहे. पहिल्या महायुद्धाचं निमित्त ठरलेल्या, सारायेव्होतच झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या हत्येला शंभर वर्षं होतात तो दिवस, वर युरोपचे पाहुणे, खाली पगार थकलेले कर्मचारी संपाच्या तयारीत. कॅमेरा स्वागतकक्षातल्या लामियाच्या पाठोपाठ धुलाईघरापासून गच्चीपर्यंत फिरत राहतो. ८५ मिनिटांत आटोपशीर.

'ग्र्बावित्सा' आणि 'आइडा' दोन्हींचं छायालेखन क्रिस्टिने मायरचं आहे. चेहऱ्याजवळ किती जावं याचा तिचा अंदाज दोन्हीत ताडून पाहा.

स्त्री दिग्दर्शकांची फळी इथं चांगलीच भक्कम आहे. आइडा बेगिचच्या 'स्नो' (२००८) मध्ये पुरुष उरलेले नाहीत अशा गावातल्या बायका मुरंबे-लोणची विकून तग धरतात आणि जमीन विकत घेणारे येतात. तिचाच 'चिल्ड्रन ऑफ सारायेव्हो' (२०१२) शहरातल्या अनाथ भावंडांचा. नव्यांमध्ये ऊना गुन्याकचा 'एक्सकर्शन' (२०२३) घ्या, त्यातही शाळेची सहल आहे, पण गावभर पसरलेल्या एका खोट्याची. त्यातली युद्धानंतर जन्मलेली मुलं युद्धाविषयी बोलायला बांधील नाहीत, आणि त्या न बोलण्यातही मजा आहे. एना सेंदियारेविच नेदरलँड्समध्ये वाढली; तिच्या 'टेक मी समव्हेअर नाइस' (२०१९) मधली मुलगी आजारी बापाला भेटायला बोस्नियात येते आणि तिथं तिला सगळं परकं लागतं.

शोधताना

इंग्रजी नावं देशागणिक बदलतात. 'ग्र्बावित्सा' ब्रिटनमध्ये 'एस्माज सीक्रेट' या नावानं लागला होता. म्हणून शोध दिग्दर्शकाच्या नावानं घ्या. रोमन लिपीतला 'जे' तिथं 'य' उच्चारला जातो. आपण ऐकलेलं 'यास्मिला' 'वाय'नं शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. स्ट्रीमिंगवर हे सिनेमे येतात-जातात. मुबीसारख्या ठिकाणी अधूनमधून डोकावत राहा आणि दिसला की त्याच आठवड्यात पाहून टाका. जानेवारीत पुण्याचा पिफ, नोव्हेंबरात पणजीचा इफ्फी, या चित्रपट महोत्सवांच्या वेळापत्रकात पूर्व युरोपचे विभाग नीट चाळा.

इंग्रजी डबिंगचा पर्याय दिसला तर बंद करा. या सिनेमांत शिव्या, लाडाची हाक आणि गाणं यांची लय कानावर पडायला हवी, अर्थ उपशीर्षकांतून कळतोच. मात्र घाईनं केलेली उपशीर्षकं विनोद मारून टाकतात. 'फ्यूज'ची मी पाहिलेली एक प्रत तर अशी होती की हशा आधी यायचा आणि ओळ नंतर. अशी प्रत मिळाली तर दुसरी शोधा, सिनेमावर राग काढू नका.

मंडळात किंवा कॉलेजात दाखवायचा असेल तर पहिल्या दिवशी 'नो मॅन्स लँड' लावा आणि प्रस्तावना पाच मिनिटांत संपवा, फक्त पहिल्या पायरीवरचा नकाशा सांगा. 'आइडा' दाखवाल तेव्हा नंतरच्या चर्चेसाठी तास राखून ठेवा आणि त्याच दिवशी दुसरा सिनेमा ठेवू नका.